एस.टी.च्या वेळांची वही

भाटघरहून पुण्याला जायचं म्हटलं, की आपण रस्त्यावर येऊन थेट स्वारगेटच्या गाडीची वाट बघत उभ्या राहतो. सासूबाई त्याच गाडीने जात, आपणही जातो. दुसरी वाट नाही असं नव्हे. मिळेल त्या गाडीने कापूरहोळला यावं आणि तिथं हमरस्त्यावर साताऱ्याकडून येणारी गाडी धरावी. पण तिथं कुठली थांबेल हेच ठाऊक नसतं, म्हणून सवयीची वाट सुटत नाही.

हे आपल्यापुरतंच नाही, बरं का! लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. पुष्कळ स्टेशनं बंद, म्हणून लोकांनी दुसरे मार्ग शोधले. संप मिटल्यावरही शेकडा पाचजण नव्या मार्गानेच जाऊ लागले. सोयीची वाट आधीही होती, माहीत तेवढी नव्हती.

आपण संपाची वाट कशाला बघायची? एक वही घ्या आणि एस.टी.च्या चौकशीवर विचारून तीन गोष्टी टिपा. थेट गाड्यांच्या वेळा. कापूरहोळला खरोखर थांबणाऱ्या गाड्या. आणि संध्याकाळी कापूरहोळहून भोरकडे येणारी शेवटची गाडी. तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. पुण्यात दवाखान्यात नंबर उशिरा लागला, तर थांबायचं की निघायचं हे तिच्यावरूनच ठरतं.

तुम्ही म्हणाल, दोन गाड्या म्हणजे दोन तिकिटं! भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे प्रवास तोडला की थोडं जास्त पडू शकतं खरं. पण १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तेव्हा फरकही निम्माच. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर तिकीटच नाही. आधार कार्ड मात्र जवळ असू द्या.

कडेवर मूल आणि हातात बोचकं असेल, तर थोडी वाट बघून थेट गाडीच बरी. फोनवर वेळ दिसली, तरी ती नुसत्या वेळापत्रकातली आहे की गाडी कुठवर आली ते सांगणारी, हे पाहून घ्या.

वेळा बदलतात, म्हणून पानावर तारीख घाला. आणि वही कपाटात नको. दाराजवळ खिळ्याला अडकवा, म्हणजे शेजारणीलाही बघता येईल.