कोंबडी की नाला? भांडण नंतर, आधी जीनोम वाचा



आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना मध्यंतरी लघवीचं इन्फेक्शन झालं. ताप उतरेना म्हणून कल्चर केलं. रिपोर्टमध्ये जंतूचं नाव ई. कोलाय आणि खाली औषधांच्या यादीपुढे 'आर', 'आर', 'आर'. म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू नाही. एरवी गोळ्यांवर भागणारं दुखणं, पण सात दिवस शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागली. सोसायटीच्या ग्रुपवर निदान तयारच होतं: "कोंबड्यांना अँटिबायोटिक चारतात ना, त्याचा हा परिणाम!" अहो, काकू माळकरी आहेत. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

मग हा जंतू आला कुठून? पाण्यातून, भाजीतून, दवाखान्यातून, की आधी घेतलेल्या गोळ्यांमुळे पोटातच तयार झाला? कुणालाच माहीत नाही. पण दोषी मात्र सगळ्यांनी ठरवलेला.

पुणेकरांना हे नवीन नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा आठवा. आजार वेगळा होता, पण प्रश्न हाच. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो आणि दूषित पाण्यातूनही पसरतो. झालं! निम्मं गाव म्हणतंय चिकन बंद करा, निम्मं म्हणतंय आधी पाणी बघा.

असल्या वादात पुरावा देऊ शकणारी एक गोष्ट आज आपल्या हातात आहे. जीनोम सिक्वेन्सिंग. कोविडमुळे हा शब्द आता चहाच्या टपरीवरही माहीत झालाय. साधं कल्चर सांगतं की कुठलं औषध चालणार नाही. सिक्वेन्सिंग त्या जंतूची सगळी अक्षरं वाचतं, ई. कोलायची साधारण ४६ लाख. मग रुग्णाचा जंतू, पोल्ट्रीतला जंतू आणि नाल्यातला जंतू शेजारी ठेवून बघता येतं की हे सख्खे भाऊ आहेत की नुसते आडनावबंधू.

आणि उत्तर कधी कधी आपल्या अंदाजाला धक्का देतं. इंग्लंडच्या पूर्व भागात जनावरं, मांस आणि रुग्णांच्या रक्तातले ई. कोलाय असे ताडून पाहिले. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जनावरांतली आणि माणसांतली घराणी बहुतांशी वेगळी निघाली! म्हणून आपल्याकडेही तसंच असेल असं मुळीच नाही. आपल्याकडे गोठा, वस्ती, उघडा नाला आणि भाजीचा मळा एकमेकांना खेटून आहेत. शिवाय रेझिस्टन्सची जनुकं एका जंतूतून दुसऱ्यात उड्या मारतात, तेव्हा नुसती घराणी जुळवूनही भागत नाही. म्हणूनच आपलं उत्तर आपल्याच मातीत शोधावं लागेल. तिकडचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येणार नाही.

याआधी आपण काय केलं? २०११ मध्ये संशोधकांनी दिल्लीत नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले, २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं. साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत सापडलं. हे जनुक शेवटच्या फळीतली अँटिबायोटिक्स निकामी करतं. आपला राग कशावर? जनुकाच्या नावात 'न्यू दिल्ली' आहे यावर! नावावरून वाद झाला, नाला बाजूलाच राहिला.

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायचं काम २००१ पासून सुरू झालं. कोविडमध्ये एनआयव्ही, एनसीएल, आयसर, बी. जे. मेडिकल, सगळ्यांनी पुण्यातच सिक्वेन्सिंग केलं. यंत्रं आहेत, माणसं आहेत. अडतंय कुठे? रुग्ण आरोग्य खात्याचा, कोंबडी पशुसंवर्धनाची, नाला महापालिकेचा, औषध दुकान एफडीएचं. माणसांमधल्या रेझिस्टन्सवर आयसीएमआरचं जाळं लक्ष ठेवतं, जनावरं आणि माशांसाठी वेगळं जाळं. जंतूला मात्र खातं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची एक सोपी पद्धत आहे, नाव 'ट्रायसायकल'. एकच जंतू, ई. कोलाय, आणि तो तीन ठिकाणी मोजायचा: माणूस, अन्नसाखळी, पर्यावरण. माझी मागणी तेवढीच आहे. मोठी सांडपाणी केंद्रं, रुग्णालयांचे नाले, चिकन-मटण बाजार आणि रुग्णांचे कल्चर, इथून दर महिन्याला ठरावीक नमुने घ्या. निवडक जंतूंचं सिक्वेन्सिंग करा. निकाल एकाच ठिकाणी, लोकांना वाचता येईल अशा मराठीत जाहीर करा. पोल्ट्रीवाल्याचा दोष निघाला तर त्याच्यावर कारवाई करा, नाही निघाला तर त्याची बदनामी थांबवा. त्याचंही पोट त्यावर आहे.

आणि हो, अभ्यास चालू आहे म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवायचं औषध. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत ते वापरायला केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. ती प्रत्यक्षात पाळली जाते का, हे तपासायला सिक्वेन्सिंग लागत नाही, निरीक्षक लागतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक न देण्याचंही तसंच. आणि अर्धी पट्टी संपवून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणारे आपणच, तेही विसरू नका.

काकू आता बऱ्या आहेत. तुळशीला पाणी घालतात, एकादशी धरतात. पण पुढच्या वेळी यादीत एक तरी औषध 'आर' नसलेलं उरेल का, हा प्रश्न त्यांचा एकट्यांचा नाही.

तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला एवढंच विचारा: आपल्या भागातल्या सांडपाण्यात कुठले जंतू आहेत, हे शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा.