नाचायला वय कशाला आडवं येतंय?

वाचकहो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. पन्नाशी ओलांडलेला, लेंगा-सदऱ्यातला मी गडी गेले तीन महिने तालुक्याला 'झुंबा'च्या वर्गाला जातोय.

"शेतात राबणाऱ्याला कसला आलाय व्यायाम?" असं मीही म्हणायचो. डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली आणि विचारलं, "रोज चालता किती?" हिशेब मांडला. नांगरट ट्रॅक्टरनं, पाणी ठिबकनं, बांधापर्यंत मोटारसायकल. घाम गळतो तो सुगीच्या दिवसांत. एरवी पारावर बैठक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलंय, मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं अंग हलवावं. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आपला हिशेब तुम्हीच मांडा.

पहिल्या दिवशी सगळे उजवीकडे, मी डावीकडे! शरमेनं पळून यावंसं वाटलं. पण चौथ्या दिवशी कळलं, आपल्याकडं कुणी बघतच नाही. जो तो आपलेच पाय सांभाळतोय.

हा झुंबा आला कोलंबियातून. बेटो पेरेझ नावाचा व्यायामशिक्षक एकदा वर्गाची कॅसेट विसरला, म्हणून त्यानं गाडीतल्या नाचाच्या गाण्यांवरच वर्ग उरकला. त्यातून हे निघालं. ताल धरायचा, पाय उचलायचे. आपल्या लेझीमीत, झिम्म्यात, फुगडीत तरी वेगळं काय आहे?

आता खरा मुद्दा. आमच्या घरच्या मंडळींनाही यायचं होतं. गुडघे त्यांचेही धरलेत. पण वर्ग सुटतो रात्री आठला आणि गावाची शेवटची एस.टी. साडेसातला. मी मोटारसायकलनं येतो, त्या घरी थांबतात. गावातल्या किती बायांचं असंच असेल!

कुणी म्हणेल, दिवसभर खुरपून आलेल्या बाईला आणखी नाचवता? प्रश्न रास्त आहे. जिची पाठ दुखतेय तिला आधी विसावाच हवा. पण खुरपणीत दिवसभर वाकून एकच काम होतं. ताठ उभं राहून, हात मोकळे करून, चौघींत हसायला तिला वेळ कोण देतं? यायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवावं. दार तरी उघडं असू द्या.

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती. समाजमंदिराचं कुलूप काढा, आतली खताची पोती हलवा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असतेच. तिथं बायांनाच वेळ विचारा. लागतो तो एक स्पीकर आणि एक तास. शिकवायला झिम्मा-फुगडी जाणणाऱ्या आयाबाया गावातच आहेत, लेझीम बसवणारे गुरुजी शाळेत आहेत. मात्र छातीचा त्रास, रक्तदाब, साखर, गुडघेदुखी असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, आणि सुरुवात बेतानं करावी.

जत्रेत आपण नाचतोच की! मग एरवी लाज कसली? बघा, पटतंय का.