मागच्या रांगेतील हुंदके

गेल्या स्नेहसंमेलनात 'भातुकलीच्या खेळामधली' हे गाणे सुरू होताच मागच्या रांगेतून खोटे हुंदके ऐकू आले होते, हे प्राध्यापकवर्गाच्या स्मरणात असेल. ते काढणाऱ्यांत मी होतो. आजच्या काळात असली रडकी गाणी कशाला, हे माझे तेव्हाचे प्रामाणिक मत. ते सुरतेजवळच्या इच्छापोरला बदलले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुट्टीत प्रशिक्षणासाठी तेथे सहा आठवडे राहिलो. खोलीतील सोबती नंदुरबारकडचा, कापडाच्या कारखान्यात कामाला. बाहेर हजिऱ्याच्या रस्त्यावर ट्रकांची घरघर, आणि आत याच्या मोबाईलवर रोज हेच गाणे. तिसऱ्या रात्री मी थट्टा केली. तो रागावला नाही. म्हणाला, "भाऊ, माझं जमलेलं लग्न मोडलं. काम चार महिने बंद होतं. तिच्या घरच्यांनी तरी किती थांबायचं? चूक कुणाची म्हणू?" आणि गाणे पुन्हा लावले.

त्या रात्री मी शब्द प्रथमच नीट ऐकले. मंगेश पाडगावकरांच्या या गीतात कोणी खलपुरुष नाही. कोणी फसवलेले नाही, कोणाचा बाप आडवा आलेला नाही. निरोपाची वेळ आली आहे हे राणीला आधीच ठाऊक असते. राजाला ते उशिरा कळते. तो 'का' म्हणून विचारतो, आणि तिच्यापाशी उत्तर नसते. प्रेमभंगाची बहुतेक गाणी कोणाला तरी दोष देऊन मोकळी होतात. दोष दिला की निम्मे दुःख हलके होते. हे गाणे ती सोय ठेवत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ते जुने होत नाही.

अमेरिकेतील ग्रामीण वळणाच्या 'कंट्री' संगीतात जॉर्ज जोन्स यांचे 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे १९८० सालचे गाणे असेच थोर मानतात. आपल्या गाण्याप्रमाणे तेथेही कथा सांगणारा तिसराच कोणी आहे. नायकाचे प्रेम थांबते ते तो मरतो त्या दिवशी. इतके उदास गाणे कोण विकत घेणार, असे खुद्द जोन्स यांना वाटले होते; लोकांनी मात्र ते डोक्यावर घेतले. पण तेथे मरणाने कथा पुरी होते. आपल्या राजाराणीला पुढे जगायचे आहे, आणि माझ्या सोबत्याला सकाळी पाळीवर जायचे असते. मला आपले गाणे अधिक कठोर वाटते, मग इंग्रजी विभागातील मित्र काहीही म्हणोत!

यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा गळा, दोहोंत आक्रोश नाही. जवळ बसून कोणी हलक्या आवाजात हकिकत सांगावी, तसे ते गाणे आहे. रडके आम्ही ठरवले होते. पाडगावकर २०१५ साली गेले, दाते आणि देव दोघेही २०१८ साली. दाते यांनी गाणे सांभाळून कितीतरी वर्षे कापड-उद्योगात इंजिनिअर म्हणून नोकरी केली, हे मी सोबत्याला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदाच हसला. "मग आपल्याच लायनीतला माणूस की!" म्हणाला.

यंदाच्या संमेलनात ते गाणे कोणी म्हणणार असेल, तर मागच्या रांगेतील माझी जागा मी आजच रिकामी करतो. पुढे कोठे मिळाली तर पाहावी.