वंशावळ लिहायची, पण कशी?

(मोठ्या गटातील विद्यार्थ्यांकडून)



दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी आम्हां मोठ्या गटाला एक गृहपाठ दिला होता. प्रत्येकाने घरी विचारून पाच पिढ्यांची वंशावळ लिहायची आणि मग ती वर्गाच्या भिंतीवर लावायची. आम्हांला वाटले, सोपे काम आहे. आमच्या शाळेतल्या आयरिश मित्रमैत्रिणींनी असाच प्रकल्प केला होता, तेव्हा त्यांना खापरपणजोबांची नावे संगणकावर दहा मिनिटांत सापडली होती. आम्हांला तीन आठवडे लागले आणि शेवटी एका घरात वादही झाला. त्या वादावरून आमच्या गटात जी चर्चा झाली आणि जे मत ठरले, ते येथे मांडत आहोत.

झाले असे. आमच्या एका मैत्रिणीने आपली वंशावळ कागदावर न लिहिता सरळ इंटरनेटवरच्या एका संकेतस्थळावर भरली. आजीचे नाव, जन्मतारीख, गाव आणि फोटो, सगळे घातले. आठवड्याभरात नात्यातल्या कोणीतरी ते उचलून स्वतःच्या वंशावळीत घेतले, आणि तेथून आणखी एकाने. मग कऱ्हाडला काकांच्या फोनवर ते आजींच्या दृष्टीस पडले. आजी रागावल्या नाहीत, पण त्यांना वाईट वाटले. त्या तीन गोष्टी म्हणाल्या.

“एक जून ही माझी तारीख नव्हेच, ती मास्तरांची.”

“माझं माहेरचं नाव कुठं आहे?”

“आणि लिहिण्याआधी मला विचारलं का कुणी?”

मैत्रिणीने लगेच पान काढून टाकले. पण नकला झाल्या होत्या. एकाने पत्र लिहिल्यावर बदल केला. दुसऱ्याचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही. (ही हकीगत आजींना फोनवर वाचून दाखवूनच आम्ही छापत आहोत. नाव छापू नका, असे त्या म्हणाल्या, म्हणून छापलेले नाही.)

आजींच्या तीन वाक्यांत आमचा सगळा विषय आला आहे. म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

पहिले वाक्य तारखेचे. आपण घरी विचारून पाहा, किती आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला येतो! आमच्या नऊ जणांच्या गटात असे सात आजी-आजोबा निघाले. याचे कारण साधे आहे. पूर्वी खेड्यात बाळंतपण घरी व्हायचे आणि तारीख कोणी लिहून ठेवत नसे. सबंध देशासाठी जन्ममृत्यू नोंदणीचा एकच कायदा झाला तो १९६९ साली. मूल शाळेत घालताना मास्तरांना दाखल्यावर तारीख तर लिहावीच लागे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. तेव्हा वयाचा अंदाज करून ते १ जून लिहीत. पुढे नोकरी, पेन्शन, पासपोर्ट, सगळीकडे तीच तारीख गेली. म्हणजे कागद खोटा नाही, सही-शिक्का खरा आहे, पण तारीख अंदाजाची आहे.

यावरून आपल्याच लोकांना हसण्याचे कारण नाही. आयर्लंडमध्येही असेच झाले. येथे १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब माणसांना पेन्शन मिळू लागली. पण सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद येथे १८६४ साली सुरू झालेली! सत्तर वर्षांच्या माणसाकडे दाखला असणार कोठून? १९०१ आणि १९११ या दोन्ही वर्षांच्या जनगणनेचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळ माणसे दहा वर्षांत पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. कोणाला खरे वय माहीत नव्हते, कोणाला पेन्शन हवी होती.

आजींची खरी तारीख आम्ही कशी शोधली? त्यांच्या आईने खूण सांगून ठेवली होती : नागपंचमीचा दुसरा दिवस, आणि त्या वर्षी गावात काय घडले ते. त्यावरून साल काढले, जुने पंचांग पाहिले, आणि तारीख शाळेच्या तारखेपासून चौदा महिने दूर निघाली. पण हीसुद्धा ऐकीव माहिती आहे. म्हणून आमचे मत असे की, दोन्ही तारखा लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे ती कोठून आली हे लिहावे. “शाळेच्या दाखल्यावरून.” “आजींच्या आईने सांगितल्यावरून.” एवढे चार शब्द लिहिले की पुढच्या माणसाला आपली चूक दुरुस्त करता येते. ते लिहिले नाहीत, तर तीच चूक दहा ठिकाणी उतरते आणि दहा ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटू लागते.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची पद्धत. गणेश रामचंद्र, मग रामचंद्र गणेश, मग पुन्हा गणेश रामचंद्र. संगणकाला वाटते, हे दोन गणेश एकच. अशाने आमच्यापैकी एकाच्या वंशावळीत दोन पिढ्या गळाल्या! नावाबरोबर गाव आणि बायकोचे नाव तपासल्यावर ही चूक सापडली.

आता दुसरे वाक्य, माहेरच्या नावाचे. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलायचे आणि पुष्कळ घरांत पहिले नावसुद्धा. वंशावळीत फक्त सासरचे नाव लिहिले, तर ती बाई जणू लग्नाच्या दिवशीच जन्माला आली! येथल्या जन्माच्या नोंदवहीत आईचे माहेरचे आडनाव लिहिण्याचा रकानाच आहे. त्यामुळे आयरिश मुलांना आईकडची पिढीही तितक्याच सहज सापडते. आपल्याकडे मोठ्या कष्टाने छापलेले कुलवृत्तांत आहेत. ते नसते तर पुष्कळ घराण्यांना काहीच माहीत नसते. पण त्यांतल्या जुन्या पुस्तकांत मुलांना परिच्छेद आणि मुलींना अर्धी ओळ, असे बरेच ठिकाणी दिसते.

यात नुसत्या मानपानाचा प्रश्न नाही. गावाकडे माणूस वारला की वारसांची नोंद करताना वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यावरून सातबाऱ्यावर नावे चढतात. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच हक्क दिला. वंशावळीतून मुलीचे नाव गळाले, तर केवढा अन्याय होईल! म्हणून आम्ही ठरवले की, आमच्या तक्त्यावर मुलींची चौकट मुलांएवढीच असेल, आणि प्रत्येक सुनेचे माहेरचे पूर्ण नाव, ती सांगायला तयार असेल तर, लिहिले जाईल.

तिसरे वाक्य विचारण्याचे. येथे आमच्यात मतभेद झाले. काही जण म्हणाले, “आजीची तारीख कळली तर बिघडले कोठे?” तेव्हा बाईंनी आयर्लंडमधलीच एक गोष्ट सांगितली. जुलै २०१४ मध्ये सरकारने जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदींची सूची इंटरनेटवर खुली केली. तीत हयात माणसांच्या जन्मतारखा आणि त्यांच्या आईची माहेरची आडनावे आली. बँका ओळख पटवण्यासाठी नेमके हेच विचारतात! माहिती संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात ती सूची बंद करावी लागली. पुढे नियम ठरला : जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी, लग्नाच्या ७५ वर्षांनी आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी सर्वांना पाहता येतील. सरकारसुद्धा चुकले आणि सुधारले. मग आपण का सुधारू नये?

आजींचे माहेरचे नाव तक्त्यावर हवे आणि तेच नाव इंटरनेटवर नको, हे ऐकायला उलटसुलट वाटेल. पण तसे नाही. घरातल्या कागदावर मान म्हणून लिहिणे वेगळे, आणि साऱ्या जगापुढे ठेवणे वेगळे. हयात माणसाची माहिती कोणाला द्यायची, हे त्या माणसाने ठरवावे. मग ते माणूस ऐंशी वर्षांचे असो की आठ.

एका पालकांनी सुचवले, “एवढी भानगड असेल, तर सगळेच कुलपात ठेवा.” हे मात्र आम्हांला मान्य नाही. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आवारातील सरकारी दफ्तर स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. शेकडो वर्षांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पाने त्यातच गेली. बरोबर शंभर वर्षांनी, जून २०२२ मध्ये, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने त्या दफ्तराची संगणकावर पुन्हा उभारणी झाली. ती कशावरून? लोकांनी पूर्वी ज्या नकला करून इतरत्र ठेवल्या होत्या, त्यांवरून. ज्यांनी वाटून ठेवले त्यांच्यामुळे वाचले.

आणि कुलपात ठेवल्याने माणसांचे नुकसानही होते. गॉलवे जिल्ह्यातल्या ट्यूम गावी अविवाहित माता आणि त्यांची मुले यांच्यासाठी एक गृह होते. तेथे दगावलेल्या ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी सरकारी कार्यालयातून मिळवल्या. २०१४ साली ही गोष्ट जगाला कळली. नोंद मिळाली नसती, तर त्या मुलांची नावेही उरली नसती. दत्तक गेलेल्या माणसांना स्वतःच्या जन्माचा दाखला मिळण्याचा पूर्ण हक्क येथे २०२२ च्या कायद्याने मिळाला. त्याची वाट पाहता पाहता किती जण म्हातारे झाले असतील!

आपल्याकडे कागद कमी नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात हजारो रुमाल आहेत. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे हेळवी लोक पिढ्यानपिढ्या घराण्यांच्या वंशावळी जपत आले आहेत. पण बराचसा जुना कागद मोडीत आहे आणि मोडी वाचणारे थोडे. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले. त्या प्रश्नाच्या राजकारणात आम्हांला पडायचे नाही. पण एक गोष्ट दिसली. तहसील कचेरीतले आणि शाळेतले जुने रजिस्टर तपासले गेले, लाखो नोंदी सापडल्या, आणि पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. मनात आणले तर हे होऊ शकते. मग सगळ्यांच्याच शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी, मूळ पानाच्या चित्रासह, अशा खुल्या का होऊ नयेत? मूळ पान समोर असले की उतरवून घेणाऱ्याची चूक कोणालाही पकडता येते.

ओंगार हे नवे गाव. आपली घरे २००० सालानंतरची. त्याआधी येथे घोड्यांचा स्टड फार्म होता. १९११ च्या जनगणनेत आपले कोणी सापडायचे नाही. शंभर वर्षांनी मात्र कोणीतरी आपल्याला शोधील. त्याच्यासाठी आपणच नीट लिहून ठेवले पाहिजे.

म्हणून आम्ही तक्त्यासाठी चार नियम केले आहेत. नावापुढे माहिती कोठून मिळाली ते लिहायचे. मुलगी गाळायची नाही. हयात माणसाला विचारल्याशिवाय वर्गाबाहेर काही द्यायचे नाही. आणि शंभर वर्षांपूर्वीचे जे सापडेल ते सर्व भावंडांना, चुलत-मावस सगळ्यांना, वाटून टाकायचे. पालकांना विनंती की, या रविवारी गावी फोन कराल तेव्हा हे प्रश्न विचारा. ज्यांना विचारायचे ती माणसे आज आहेत.

आजींची चौकट आम्ही नव्याने लिहिली आहे. तीत त्यांची दोन्ही नावे आहेत आणि दोन्ही तारखा आहेत. ती पाहायची असेल, तर वर्गात या. आजींनी परवानगी भिंतीपुरतीच दिली आहे.

आपला,
मोठा गट
शनिवारचा मराठी वर्ग, ओंगार