मेथीच्या दहा जुड्या घरात आल्या की

हिवाळा सुरू झाला की चाकणच्या महात्मा फुले बाजारात कांदा-बटाट्याबरोबर मेथी, कोथिंबीर, शेपूच्या जुड्यांचे ढीग लागतात. आवक वाढली की भाव कोसळतो. शेतकऱ्याच्या हाती कधी कधी काढणीची मजुरीही उरत नाही आणि आपण मात्र खुशीने पिशव्या भरतो. आमच्याही घरी मग एकदम दहा जुड्या मेथी आणि पाच किलो मटार येतो.

स्वस्तात आणलेली भाजी चौथ्या दिवशी पिवळी पडून कचऱ्यात गेली, तर ती बचत नव्हे, इसराफ आहे. सूरह अल-अनआमच्या 141व्या आयतीत फळ खाण्याची मुभा, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देण्याचा आदेश आणि उधळपट्टीची मनाई एकत्रच आली आहे. म्हणून भाजी आली त्याच संध्याकाळी आम्ही तिचे तीन वाटे करतो.

पहिला वाटा देण्याचा. तो ताजा असतानाच काढावा, सुकल्यावर नव्हे. आपल्या आसपास भाड्याच्या खोलीत राहून कारखान्यात पाळीवर जाणारी मुले असतात. त्यांना जुडी देऊन उपयोग नाही, शिजवलेली भाजी द्यावी. शोरबा शिजवताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवावी, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना दिली होती.

दुसरा वाटा ठेवणीचा. मेथी धुऊन ठेवू नये. मुळे कापून, पिवळी पाने काढून ती कोरड्या कागदात गुंडाळावी. फ्रिजमध्ये चार दिवस चांगली राहते. फ्रिज नसेल तर पाने धुऊन, पुसून सावलीत कुरकुरीत वाळवावी आणि बरणीत भरावी. मटाराचे दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. निथळून, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवले की काही महिने टिकतात.

तिसरा वाटा आजचा, मेथी-मटार कीम्याचा. अर्ध्या किलो कीम्याला दोन जुड्या मेथी आणि दोन वाट्या मटार पुरे. तेलात दोन कांदे लाल करून आले-लसूण, हळद, तिखट, धणेपूड, मीठ आणि दोन टोमॅटो परतावेत. कीमा घालून त्याचे पाणी आटेपर्यंत परतावा, मग थोडे गरम पाणी घालून झाकून शिजवावा. मटार त्यानंतर आणि चिरलेली मेथी अगदी शेवटी घालावी. मेथी पाच-सात मिनिटांत होते. ती आधीच घातली तर काळपट पडते आणि तिचा वासही जातो.

या सगळ्यात खरा वेळ जातो तो निवडण्यात आणि सोलण्यात. कंपनीतून थकून आलेल्या सुनेने एकटीने दहा जुड्या निवडायच्या आणि बाकीच्यांनी दस्तरखान लागायची वाट पाहायची, हे बरे नाही. आमच्याकडे मटार मुले सोलतात आणि मेथी पुरुषही निवडतात. सगळे बसले तर तासाभरात काम उरकते. कोणाला बसायला वेळ नसेल, त्या शनिवारी दोनच जुड्या आणाव्यात. मटाराची टरफले आणि मेथीचे देठ फेकू नका, गल्लीत कोणाची तरी बकरी असतेच.