स्मरणशक्तीचं टॉनिक मी का लिहून देत नाही

दिवाळीची सुट्टी संपली की दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. ताप, खोकला, बीपी यांच्या रांगेत एखादी आई दहावीतल्या मुलीला घेऊन बसलेली असते. तपासण्यासारखं फारसं काही नसतं. "डॉक्टर, हिचं केलेलं लक्षातच राहत नाही. बोर्डाचं वर्ष आहे. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या ना." मुलुंडमध्ये इतकी वर्षं प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही पाठ झालंय : "शेजारच्यांच्या मुलाला त्याने खूप फरक पडला."

मी टॉनिक लिहून देत नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम, ओमेगा-३, नाव कुठलंही घ्या. नीट जेवणाऱ्या निरोगी मुलाचे गुण त्याने वाढतात असा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. शेजारच्या मुलाला फरक पडला असेलही, पण बाटली आणली त्याच महिन्यात त्याने अभ्यासालाही सुरुवात केली होती, हे कोणी सांगत नाही. बाटलीऐवजी मी तीन-चार प्रश्न विचारतो. किती वाजता झोपतेस? वाचतेस कशी? फळा दिसतो का? पाळीत रक्तस्राव किती होतो? शेवटचे दोन प्रश्न ऐकून आई चमकते. अभ्यासाचा आणि याचा काय संबंध?

संबंध आहे, म्हणून आधी तेच सांगतो. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया असल्याचं आढळलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त. ही केवळ खेड्यापाड्यातली गोष्ट समजू नका. डब्यात रोज नूडल्स किंवा चटणी-सँडविच, दोन वेळा चहा-बिस्किट आणि 'भाजी नको' म्हणणारी मुलगी आपल्या सोसायटीतही असते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलेली मुलगी पुस्तक उघडते आणि अर्ध्या तासात पेंगते. घरचे म्हणतात आळशी आहे. ती आळशी नसते, तिच्या रक्तात लोह नसतं. एका साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि गोळ्यांनी भरून निघतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती दप्तराच्या तळाशी न जाता पोटात जाते ना, एवढं बघा. जेवणाबरोबर लिंबू चालेल, जेवणावर लगेच चहा नको. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

फळ्याचंही तसंच. चष्म्याचा नंबर वाढलेला मूल सांगत नाही, कारण आपल्याला कमी दिसतंय हे त्याला माहीतच नसतं. त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. थायरॉईड, कान, वरचेवर होणारी डोकेदुखी हेही आम्ही बघतो. हे सगळं ठीक असेल, आणि बहुतेकदा ते ठीकच असतं, तर मग मुद्दा येतो झोपेचा. माझ्या मते आपल्या उपनगरांतल्या मुलांच्या अभ्यासाचा सर्वांत मोठा शत्रू मोबाइल नाही, अपुरी झोप आहे. मोबाइल त्या झोपेच्या चोरांपैकी एक.

एका साध्या दिवसाचा हिशोब करू. शाळा सकाळी सातची, म्हणून साडेपाचला उठायचं. दुपारी घरी, जेवण, संध्याकाळी सहाला क्लास, तो सुटतो नऊला. घरी येऊन जेवण, थोडा मोबाइल, मग 'आता खरा अभ्यास' सुरू. दिवा बंद होतो साडेबाराला. झोप झाली पाच तास. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. आपण कंजूषपणे आठच धरू. रोज तीन तासांची तूट, म्हणजे शनिवारपर्यंत १८ तास. रविवारी बारापर्यंत झोपून ती फिटत नाही, उलट सोमवारची सकाळ आणखी जड होते.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी आपली एक ठाम समजूत आहे. प्रत्यक्षात दिवसभर वाचलेलं मेंदूत तात्पुरतं ठेवलेलं असतं आणि ते पक्कं होण्याचं बरंचसं काम गाढ झोपेत चालतं. आईने बाजारातून भाजी आणून ओट्यावर ठेवली आणि ती निवडून फ्रीजमध्ये ठेवायला वेळच दिला नाही, तर सकाळी काय होईल? जागून वाचलेल्या धड्याचं तेच होतं. वाचलं, पण ठेवलं गेलं नाही.

वयात येताना शरीराचं घड्याळही पुढे सरकतं. झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा वाढतं, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला दहा वाजता खरोखरच झोप येत नाही आणि सकाळी सहाला खरोखरच जाग येत नाही. तो नाटक करत नाही. आता आपली गंमत बघा. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. पण लहान मुलं मुळातच लवकर झोपतात आणि लवकर उठतात. ज्यांना सकाळची खरी अडचण होते ते आठवी-नववी-दहावीतले, आणि आपल्याकडे जागेअभावी दोन अधिवेशनांत चालणाऱ्या अनेक शाळांत नेमके हेच वर्ग सकाळच्या अधिवेशनात असतात. बसवाले, रिक्षावाले आणि नोकरी करणारे आई-वडील यांचं वेळापत्रक सांभाळणं सोपं नाही, हे मला समजतं. तरीही मोठ्या वर्गांचा विचार कधीतरी करावाच लागेल, असं माझं मत आहे.

शाळेची वेळ तुमच्या हातात नाही, क्लासची आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, फार पहाटे किंवा फार रात्री वर्ग घेऊ नयेत, असं त्यात आहे. संध्याकाळी स्टेशनजवळच्या कुठल्याही गल्लीत उभे राहून बघा, या सूचनांचा मागमूस दिसतो का ते. क्लास लावू नका असं मी म्हणणार नाही. पण क्लास निवडताना फी आणि 'रिझल्ट' विचारता, तसं 'सुटणार किती वाजता' हेही विचारा. रात्री नऊनंतर सुटणारा क्लास कितीही नावाजलेला असला तरी मी माझ्या घरच्या मुलाला घातला नसता.

इथे कोणीतरी हमखास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण देतं. रात्र-रात्र जागून शिकले म्हणून एवढे मोठे झाले! धनंजय कीर यांनी लिहिलेलं चरित्र नीट वाचा. परळच्या चाळीतली ती एकच खोली. सगळं कुटुंब, सगळा संसार तिथेच. वडील रामजी भीमरावांना संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे होत. घर शांत असताना भीमराव रॉकेलच्या दिव्यावर वाचत बसत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. दोन वाजता उठणं आपल्याला लक्षात राहतं, त्याआधी मुलाला झोपवलेलं असायचं हे आपण विसरतो. आणि जागा अपुरी आहे हे कळल्यावर रामजींनी मुलाला व्याख्यान दिलं नाही, स्वतःची झोप बाजूला ठेवली. आजही अनेक कुटुंबं वनरूम किचनमध्ये राहतात. तिथे 'अभ्यासाला स्वतंत्र खोली द्या' हा सल्ला फुकटचा. पण रात्री आठ ते दहा टीव्ही बंद ठेवणं जमू शकतं. मूल तिथेच पुस्तक घेऊन बसलंय आणि आपण आवाज 'थोडा कमी' करून मालिका बघतोय, याला शांतता म्हणत नाहीत. जवळच्या ग्रंथालयात अभ्यासिका असेल तर चौकशी करा.

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे येऊ. "चार वेळा वाचलं, तरी पेपरात आठवलं नाही" असं मूल म्हणतं तेव्हा ते खरं बोलत असतं. चूक त्याच्या डोक्यात नाही, चार वेळा वाचण्यात आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चारही सत्रं वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही.

वाचताना 'हे मला येतंय' असं वाटतं, कारण उत्तर डोळ्यांसमोर असतं. ओळख पटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल्डिंगमधल्या माणसाचा चेहरा रोज ओळखता, पण नाव विचारलं तर अडखळता, तसं. म्हणून धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग उघडून राहिलेलं बघायचं. पहिल्या आठवड्यात मुलांना हे अजिबात आवडत नाही, कारण आपल्याला किती कमी येतं ते दिसतं. रंगीत हायलायटरने पान पिवळं करण्यात जे समाधान आहे ते यात नाही.

तोच धडा पुन्हा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग आठवड्याने, मग महिन्याने. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. शिकल्यानंतर सुरुवातीच्या तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त निसटतं, पुढे वेग मंदावतो. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे उजळणी होतीच. पाढे रोज संध्याकाळी दिवेलागणीला म्हणून घेणाऱ्या आजीने एबिंगहाउस वाचला नव्हता. घोकंपट्टीला नावं ठेवायची आता फॅशन आहे, पण पाढे, सूत्रं, व्याकरणाचे नियम पाठ असलेल्या मुलाचं डोकं विचार करायला मोकळं राहतं. न समजता इतिहासाचं अख्खं उत्तर पाठ करणं वेगळं. त्याला नावं ठेवा.

एक गोष्ट पालकांच्या बोलण्याविषयी. 'आमचा मुलगा हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही' हे वाक्य मुलासमोर बोलू नका. त्याने मूल काय शिकतं? हुशार राहायचं असेल तर प्रयत्न न करणंच सुरक्षित, कारण प्रयत्न करूनही गुण कमी पडले तर हुशारीचा बुरखा फाटेल. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हुशारीची स्तुती झालेली मुलं पुढे सोपे प्रश्न निवडताना आणि अपयशानंतर लवकर खचताना दिसली. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली ती तुलनेने टिकून राहिली. या विषयावर पुढे बराच वाद झाला आहे आणि मोठ्या पाहण्यांत परिणाम लहानच दिसतो, त्यामुळे नुसतं बोलणं बदलून टक्केवारी वाढेल असं मी सांगणार नाही. पण 'किती मिळाले?' याच्याआधी 'कुठला प्रश्न अवघड गेला?' असं विचारून बघायला पैसे पडत नाहीत.

परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. एनर्जी ड्रिंक तर नकोच. मोबाइल रात्री आई-वडिलांच्या मोबाइलसह स्वयंपाकघरात चार्जिंगला. 'सह' हा शब्द महत्त्वाचा. पेपराच्या सकाळी नवीन काही खाऊ घालू नका, पोहे-उपमा-भाकरी जे रोजचं असेल तेच.

आणि काही वेळा प्रश्न अभ्यासाचा नसतोच. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प आहे, मित्रांना टाळतंय, जेवत नाही, शाळेच्या दिवशीच पोटात दुखतं आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलून गेलं, तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. अशा मुलाला गुणांविषयी एक अक्षर न बोलता जवळ बसवा, सरळ विचारा, एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते विचार येतात ही भीती चुकीची आहे, उलट त्याला बोलायला वाट मिळते. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. तिथे पालकही फोन करू शकतात.