कर्ज दोघांचे, घर सर्वांचे

मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनी घराकडे तीन निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले. पहिली पिढी चाळीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली आणि तिथेच संसार करून गेली. दुसऱ्या पिढीने आयुष्यभर भविष्यनिर्वाह निधी साठवला, सोसायटीचे भाग घेतले आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या दारावर नावाची पाटी लावली. तिसरी पिढी मात्र तिशीतच सदनिकेची मालक होते. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली, तेव्हा घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज ही सामान्य नोकरदाराला अपूर्वाईची गोष्ट होती. आज ती इतकी सवयीची झाली आहे की कर्जाविना घर घेणाराच अपवाद ठरावा.

यात वाईट काहीच नाही. उमेदीच्या वयात हक्काचे छप्पर मिळणे ही समाजाच्या स्थैर्याची खूणच आहे. परंतु या तिसऱ्या पिढीचे कर्ज आधीच्या कर्जांहून एका बाबतीत वेगळे आहे. ते एकाचे नसते, पती आणि पत्नी दोघांचे असते. इंग्लंडमध्ये 'शेअर्ड ओनरशिप' नावाची एक पद्धत आहे. तिथे कुटुंब घराचा काही हिस्सा कर्जाने विकत घेते आणि उरलेल्या हिश्श्याचे भाडे गृहनिर्माण संस्थेला देत राहते. आपल्याकडील भागीदारी अशा संस्थेशी नाही, ती घरातल्या घरात आहे. दोघांच्या सह्या, दोघांचे पगार आणि दोघांची सामायिक जबाबदारी. एकाने हप्ता थांबवला तर संपूर्ण कर्ज दुसऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार बँकेला असतो. सही करताना ही गोष्ट किती जोडप्यांच्या ध्यानात असते?

मूळ प्रश्न पुढेच आहे. बँक कर्जाचा आकडा ठरवते तो दोघांच्या आजच्या पगारावर. समजा, पतीच्या हाती महिन्याला ६० हजार रुपये येतात आणि पत्नीच्या हाती ५० हजार. साधारणपणे एकत्रित उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास हप्ता बसेल इतके कर्ज मंजूर होते. म्हणजे हप्ता ५५ हजार आणि साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज सुमारे ६३ लाख. कागदावर सारे व्यवस्थित दिसते. दोन वर्षांनी घरात पाळणा हलतो. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, ही स्वागतार्हच गोष्ट. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, आणि मूल सहा महिन्यांत मोठे होत नाही. आईला आणखी वर्षभर घरी थांबावेसे वाटले, तर पतीच्या साठ हजारांतून हप्ता वजा जाता हाती उरतात पाच हजार. दूध, औषध, वीज, सोसायटीचा मासिक खर्च आणि गावाकडील आईवडील, सारे त्या पाच हजारांत!

मग निर्णय कोण घेते? आई घेत नाही, बाप घेत नाही. निर्णय हप्ता घेतो. आईने कामावर परत कधी जायचे, तान्हे बाळ पाळणाघरात कधी ठेवायचे, दुसरे मूल होऊ द्यायचे की नाही, हे सारे हप्त्याच्या तारखेवरून ठरू लागते. स्त्रीने नोकरी करू नये, असे येथे मुळीच सुचवायचे नाही. करायची असेल तर ती आपल्या इच्छेने, आपल्या गुणवत्तेच्या बळावर जरूर करावी. पण नोकरी करण्याची इच्छा वेगळी आणि कर्जाने लादलेली सक्ती वेगळी. तीच गोष्ट पित्याची. मूल लहान असताना त्याला चार महिने कमी पगाराचे पण घराजवळचे काम स्वीकारावेसे वाटले, तर ते स्वातंत्र्यही त्याच हप्त्याने हिरावलेले असते.

कर्जाचे गणितही नीट समजून घेतले पाहिजे. ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षे. हप्ता येतो सुमारे ३४,७०० रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील २८ हजारांहून अधिक रक्कम व्याजाची असते, मुद्दल फिटते जेमतेम साडेसहा हजार. पाच वर्षे नेमाने हप्ते भरले, म्हणजे जवळजवळ २१ लाख रुपये मोजले, तरी मुद्दलातून पावणेपाच लाखच कमी झालेले असतात. वीस वर्षांअखेर एकूण भरणा होतो ८३ लाखांहून अधिक. मुलाच्या बालपणाची पहिली पाच वर्षे ही नेमकी व्याज फेडण्याची वर्षे असतात, हा या गणितातील सर्वात कठोर भाग.

त्यात व्याजदर स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. उदाहरणादाखल पाहा. ४० लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता होतो २९,८२३ रुपये. तोच दर नऊ टक्के झाला तर त्याच रकमेचे एका महिन्याचे व्याजच होते ३० हजार. म्हणजे जुना हप्ता जन्मभर भरत राहिले तरी मुद्दल तसूभरही हलणार नाही! हप्ता तसाच ठेवून मुदत परस्पर वाढवण्याचे प्रकार सर्रास घडू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना निर्देश द्यावे लागले. हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय आता कर्जदाराला द्यावा लागतो. २०२५ मध्ये हाच रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. दर उतरला की हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. शहाणपण हप्ता तोच ठेवून मुदत घटवण्यात आहे.

आपल्या परंपरेत 'ऋण' हा शब्द फार गंभीर अर्थाने वापरला गेला आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्माला येतो, असे आपण मानतो. पितृऋण फेडायचे ते पुढची पिढी उत्तम रीतीने घडवून. बँकेचे ऋण फेडताना पितृऋण थकत असेल, तर हिशोब कुठेतरी चुकतो आहे. एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानमालेत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थाचा अभाव आणि अर्थाचा अतिरेकी प्रभाव, हे दोन्ही धर्माला घातक आहेत, हे त्यांच्या चिंतनाचे एक महत्त्वाचे सूत्र होते. चाळीतल्या पिढीने अभाव सोसला. आजची पिढी प्रभावाखाली दबली आहे.

यावर आक्षेप येईल की मुंबई-पुण्यातील आजच्या किमतींत एकाच्या पगारात घर होतेच कुठे? आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर दुप्पट कर्ज हे नव्हे. वरील जोडप्याने ६३ ऐवजी ३५ लाखांचे कर्ज घेतले तर हप्ता होतो सुमारे ३०,४०० रुपये. एक पगार थांबला तरी घरात साडेएकोणतीस हजार उरतात. घर दोन खोल्यांनी लहान असेल, इमारत जुनी असेल, स्थानकापासून लांब असेल. पण मूल आजारी पडल्यावर आईबापांपैकी एकाला घरी थांबता येईल. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील सदनिका घेताना तर दुप्पट सावध राहावे. ताबा मिळेपर्यंत राहत्या घराचे भाडे आणि कर्जाचे व्याज असा दुहेरी भार पडतो. २०१७ पासून महारेरा प्राधिकरण आहे. प्रकल्पाची नोंदणी आणि ताब्याची तारीख तेथे पाहूनच व्यवहार करावा.

सूत्र सोपे आहे. कर्ज एका पगारावर बेतावे आणि दुसऱ्या पगारातून मुद्दल फेडावे. वरील ४० लाखांच्या कर्जात दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरला, तर वीस वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. दोघांचाही साधा मुदत विमा असावा. आणि सहा हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पत्नीचे नाव केवळ कर्जाच्या कागदावर नको, खरेदीखतावरही हवे. सहकर्जदार असणे म्हणजे सहमालक असणे नव्हे. हप्त्यात तिचा घाम आणि मालकीत तिचे नाव नाही, ही रीत गृहलक्ष्मी म्हणवणाऱ्या समाजाला शोभत नाही. येथे शासनाच्या धोरणातील एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. महाराष्ट्रात २०२१ पासून केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पती-पत्नींनी मिळून घेतल्यास मिळत नाही. स्त्रीला मालकी मिळावी हा हेतू उत्तम, पण कुटुंब म्हणून एकत्र घर घेणाऱ्यांना त्यातून वगळणे योग्य नाही. निदान अर्धी सवलत तरी संयुक्त खरेदीला द्यावी.

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंचपरिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. कुटुंब प्रबोधनात सहभोजन, सहप्रार्थना यांविषयी आपण बोलतो. घराच्या जमाखर्चाविषयी मात्र संकोचाने गप्प राहतो. हा संकोच आता सोडला पाहिजे. आपापल्या वस्तीत बँकेतील जाणती मंडळी आहेत, निवृत्त लेखापाल आहेत, सहकारी पतसंस्थांत काम केलेले कार्यकर्ते आहेत. नवविवाहित जोडप्यांना कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसवावे. आजी-आजोबांनाही या बैठकीत स्थान हवे, कारण नातवंड सांभाळण्याचा त्यांचा वेळ हीसुद्धा घराच्या उभारणीतील मोठी ठेव आहे. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली ती परस्परांच्या विश्वासावर. तो विश्वास आजच्या जोडप्यांच्या वाट्याला आणणे अशक्य नाही. घर वीस वर्षांनी फिटेल. मुलाची पहिली पाच वर्षे कोणत्याही बँकेकडून, कोणत्याही व्याजाने परत मिळत नाहीत.